निर्मला सिस्टरांना नाताळच्या शुभेच्छा

नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी निर्मला सिस्टरांचा विनंती बदलीचा अर्ज माझ्या टेबलावर आला. परंड्याच्या एका सरकारी दवाखान्यात मी ऑफिस सांभाळते. पगार, रजा, स्टोअर, आणि स्टाफचे सणसुद्धा. सिस्टर आमच्या लेबर रूमच्या इनचार्ज. म्हणजे डॉक्टर पोचेपर्यंत बाळ आणि बाळंतीण दोन्ही त्यांच्या हातात. अर्जात कारण एका ओळीत होतं: सोलापूरला मुलाजवळ राहायचं आहे.

मी अर्ज घेऊन सरांकडं गेले. सर म्हणजे आमचे मेडिकल सुपरिंटेंडेंट.

"फॉरवर्ड करू नका," सर म्हणाले.

"सर, अर्ज अडवून ठेवता येत नाही."

"मग त्यांच्याशी बोला. त्या गेल्या तर अडलेली बाई बार्शीला पाठवावी लागेल. वाटेत काही झालं तर?"

सिस्टर ऑटोक्लेव्हचा ड्रम भरत होत्या. ऑटोक्लेव्ह म्हणजे हत्यारं आणि कापडं वाफेवर निर्जंतुक करायचं यंत्र. मी स्टूल ओढून बसले.

"सिस्टर, एकदम बदली?"

"इथं माझं कोण राहिलंय, मॅडम?"

त्यांचे मिस्टर दिवाळीच्या आधी गेले होते. गावात ख्रिस्ती घर हे एकच. त्यामुळं त्यांचा नाताळ दरवर्षी दवाखान्यातच व्हायचा. वॉर्डाच्या दाराला कागदी चांदणी, सिस्टरांच्या हातच्या करंज्या, केक, आणि सगळा स्टाफ शुभेच्छा द्यायला. यंदा मी तो कार्यक्रम रद्द केला होता. ग्रुपवर मेसेजही टाकला होता की सिस्टरांच्या घरी दुःख आहे, त्यांना वर्षभर सण नाही, कोणी शुभेच्छा देऊ नयेत. आमच्याकडं रीतच तशी आहे. दिवाळीत त्यांच्या घरी फराळ पोचवण्याची व्यवस्थाही मीच केली होती.

"आम्ही सगळे आहोत की," मी म्हणाले.

"आहात? मला बघून सगळे कोपऱ्यात कुजबुजतायत. सकाळी कुणीतरी आणलेला केकचा डबा आपल्या आया मावशीनं पदराखाली लपवला. मी काय केक चोरणार होते?"

"तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून..."

"व्हय. वाईट वाटू नये म्हणून सगळ्यांनी मिळून एकटं पाडलं."

सिस्टरांनी ड्रमचं झाकण लावलं.

"मॅडम, नाताळच्या शुभेच्छा देता म्हणजे तुम्ही काय म्हणता?"

"सण आनंदात जावो, असंच."

"ते तुमचं झालं. आमच्यात ती खबर असते. देव माणूस होऊन आपल्यात आला, ही खबर. ती पहिल्यांदा कुणाला दिली? राजाला नाही. रानात मेंढरं राखणाऱ्यांना. काळोखात बसले होते, घाबरले होते. देवदूतानं आधी त्यांची भीती घालवली, मग खबर दिली. म्हणजे ज्याच्या घरात अंधार, त्याला ती आधी सांगायची. यंदा माझ्या घरात अंधार आहे, अन् तुम्ही नेमकं मलाच गाळलं."

एवढं बोलून त्या ऑटोक्लेव्हकडं वळल्या. मी ऑफिसात आले आणि ग्रुपवर नवा मेसेज टाकला: आधीचा मेसेज रद्द. उद्या सकाळी ड्युटी बदलताना सगळ्यांनी लेबर रूमसमोर जमावं. चांदणी लावावी. सिस्टरांना शुभेच्छा द्यायच्या आहेत.

पहिली हरकत मावशींची आली. त्या लेबर रूमच्या आया, वयानं सगळ्यांत मोठ्या. त्या थेट माझ्या टेबलापाशी आल्या.

"मॅडम, मला न्हाय जमायचं. कुकू पुसलेल्या बाईला सणाचं कसं म्हणावं? वरीस तर व्हऊ द्या."

"मावशी, त्यांच्यात तसं नसतं."

"त्यांच्यात नसंल. माझ्या तोंडातनं न्हाय निघायचं."

मावशींना हुकूम देऊन उपयोग नसतो. मी सिस्टरांचं सगळं बोलणं त्यांना सांगितलं. मेंढरं राखणाऱ्यांचं ऐकताना त्या खाली बसल्या. माहेरची त्यांची मेंढरंच होती.

"रानात रातचं लई भ्या वाटतं बगा," त्या म्हणाल्या, आणि उठून गेल्या. येणार की नाही, ते बोलल्या नाहीत.

सकाळी सगळे जमले. सर स्वेटर घालून आले. सिस्टर दारात आल्या. सुरुवात कोणी करेना. सरांनी माझ्याकडं पाहिलं, मी सरांकडं. तेवढ्यात मावशी पुढं झाल्या. सिस्टरांचा हात धरून म्हणाल्या, "सिस्टर, भिऊ नगा. द्येव आलाय म्हणं."

"कोण म्हणालं, मावशी?"

"मॅडम."

"मग ऑफिसातनं पक्कं कळलेलं दिसतंय," सिस्टर म्हणाल्या, आणि हसता हसता त्यांना रडू आलं. मिस्टर गेल्यापासून त्या ड्युटीवर रडल्या नव्हत्या. मावशींनी पदरानं त्यांचं तोंड पुसलं. मग सगळ्यांनी शुभेच्छा दिल्या. आत एक बाई कळा देत होती, त्यामुळं केक सिस्टरांशिवायच कापला.

दुपारी सिस्टर ऑफिसात आल्या. अर्ज मागं घेते म्हणाल्या. मुलाला फोन केला होता. दर महिन्याला तूच इकडं येत जा, असं त्याला सांगितलं होतं. अजून त्या आमच्याकडंच आहेत.

आता स्टाफमध्ये कुणाच्या घरी दुःख झालं, की सणाचं काय करायचं ते मी आधी त्या घरालाच विचारते. उत्तर दर घरी वेगळं येतं. ऑफिसच्या दृष्टीनं हे गैरसोयीचं आहे. पण विचारायला दोन मिनिटं लागतात, आणि अनुभवी सिस्टर सहजासहजी मिळत नाहीत.