कोमट पाण्याबरोबर

माणसाने जन्मभर शिस्त पाळली की शरीर त्याला दगा देत नाही, असे माझे वडील सांगत आले आहेत. गेल्या हिवाळ्यात त्यांच्या शरीराने तीनदा दगा दिला. तिसऱ्या वेळी धाप इतकी वाढली की ओठ निळसर झाले आणि मी त्यांना गंगापूर रोडवरच्या एका हॉस्पिटलात नेले. तिथे मास्क लावून वाफ सुरू झाली. थोडा श्वास परतल्यावर तरुण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “काका, असंच चाललं तर पुढच्या खेपेला व्हेंटिलेटर लावावा लागेल. दम्याच्या कॅप्सूल रोज घेता ना?”

वडिलांनी अपमान झाल्यासारखा मास्क बाजूला केला.

“एक चुकलेली नाही. सकाळी सात, संध्याकाळी सात.”

“कशा घेता?”

“कशा म्हणजे? कोमट पाण्याबरोबर.”

बाईंनी माझ्याकडे पाहिले. पाण्याचा पेला रोज मीच नेऊन देत असल्यामुळे मी सलाइनकडे पाहिले.

“आणि सोबत दिलेलं ते प्लास्टिकचं यंत्र?”

“कपाटात आहे. अजून कोरं करकरीत.”

“काका, कॅप्सूल त्या यंत्रात घालून आतली पूड तोंडाने ओढायची असते. गिळायची नसते.”



“तरीच,” वडील म्हणाले, “पोटाला कधी धाप लागली नाही.” आणि त्यांनी मास्क स्वतःच पुन्हा लावला.

घरी येऊन मी कॅप्सूलची डबी पाहिली. ‘गिळू नये’ असे तिच्यावर इंग्रजीत ठळक छापलेले होते. वडिलांनी छत्तीस वर्षे शाळेत इंग्रजी शिकवले.