घरचं चालत नाही

शाळेत नोकरी केली की किस्से जमवावे लागत नाहीत. खडूच्या धुळीसारखे ते आपोआप अंगावर बसतात. घरी येऊन कितीही झटका, थोडे राहतातच. पूर्वी आमच्या स्टाफरूममधले किस्से परीक्षेतल्या उत्तरांचे असायचे. एकानं वाचून दाखवायचं आणि बाकीच्यांनी पोट धरून हसायचं. हल्ली सगळे किस्से डब्यांचे. हसतो अजूनही, पण हसून झाल्यावर कुणी कुणाकडे बघत नाही.

आमची शाळा डिलाईल रोडच्या आतल्या गल्लीत. एका अंगाला चाळी, दुसऱ्या अंगाला गिरणीच्या जागेवर उभे राहिलेले टॉवर. दोन्हीकडची मुलं एकाच बाकावर बसतात. डबेही त्याच बाकावर उघडतात. म्हणजे, उघडायचे.

*

सुरुवात वाढदिवसापासून झाली. तिसरीतल्या एका मुलाचं पोट बिघडलं. आदल्या संध्याकाळी त्यानं रस्त्यावर पाणीपुरी हाणली होती, हे त्याच्या आईनंच मला सांगितलं. पण त्याच दिवशी वर्गात कुणाच्या तरी वाढदिवसाचा घरचा केक वाटला होता. आरोपी म्हणून सापडला तो केक! प्रिन्सिपल मॅडमनी लगेच नियम काढला : घरी केलेलं काहीही वर्गात वाटायचं नाही. पॅकबंद पाहिजे, वर तारीख पाहिजे.

थोड्याच दिवसांनी स्वराच्या आजी नातीच्या वाढदिवसाला बेसनाचे लाडू घेऊन आल्या. वॉचमन काकांनी गेटवर अडवलं. आजी परत गेल्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर! प्रत्येक लाडू वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत, मेणबत्तीवर कडा चिकटवून बंद केलेला.

"घ्या, पॅकबंद!"

मॅडमनी एक पिशवी उलटसुलट करून पाहिली. "आजी, एक्सपायरी डेट कुठाय?"

आजींनी चष्मा वर सरकवला. "कुणाची? माझी की लाडवांची?"

आम्ही सगळे हसलो. मॅडमसुद्धा हसल्या. लाडू मात्र परत गेले.

*

मग काही पालकांनी तक्रार केली की वर्गात डब्यांचा वास येतो. नवा नियम आला : मांसाहारी आणि उग्र वासाचे पदार्थ आणू नयेत.

मांसाहारी समजलं. पण उग्र म्हणजे काय? त्यावर मीटिंग बसली. कुणी म्हणालं लसूण, कुणी म्हणालं मुळा, एका मॅडमना उकडलेला कोबी सहन होत नाही म्हणून कोबी. आमचे पी.टी.चे सावंत सर मालवणकडचे. सुक्या बांगड्याशिवाय त्यांना घास उतरत नाही. शेवटी ते उठले आणि अगदी गंभीरपणे म्हणाले, "मॅडम, पोरांच्या मोज्यांचा काय करूचा?"

मीटिंग तिथंच संपली. नियम राहिला, आणि वास घ्यायची ड्युटी वर्गशिक्षकांवर आली.

दुसऱ्या दिवशी माझ्या वर्गातली चिन्मयी आपणहून टेबलाजवळ आली. मी काही विचारलंही नव्हतं. उघडा डबा माझ्या नाकाशी धरून म्हणाली, "बघा टीचर, नाही ना येत? आईनं माझे हातपण लिंबानं धुतलेत."

डब्यात मेथीची भाजी होती.

*

वर्गाच्या भिंतीवर समतोल आहाराचा तक्ता आहे. दूध, डाळी, पालेभाज्या, आणि खालच्या कोपऱ्यात एक मासा आणि एक अंडं. धडा तोच चालू होता. मी तक्त्यावर पट्टी ठेवून विचारलं, "सांगा बरं, अंड्यातून आपल्याला काय मिळतं?"

मागच्या बाकावरून एक आवाज आला, "ओरडा, टीचर!"

*

पुढचा नियम : एकमेकांच्या डब्यातलं खायचं नाही. ज्याचा डबा त्याचा त्याचा. मधल्या सुट्टीत मुलं फळ्याकडे तोंड करून जेवायला लागली. पूर्वी त्या वेळात इतका कलकलाट असायचा की माझं डोकं उठायचं. आता चमच्यांचा आवाज ऐकू येतो. त्यानं जास्त डोकं उठतं.

तन्वी आणि आलिया एका बाकावरच्या. चाळीत खोल्याही शेजारी शेजारी. एके दिवशी बघते तर तन्वीच्या डब्यात शीरखुर्मा आणि आलियाच्या डब्यात घावणे! मी म्हटलं, "काय गं, नियम माहीत आहे ना? डबे बदलले की नाही तुम्ही?"

"नाही टीचर," तन्वी म्हणाली. "हा माझाच डबा आहे. बघा, नाव आहे."

"मग शीरखुर्मा?"

"माझा डबा आलियाची अम्मी भरते. तिचा डबा माझी आई भरते. आम्ही शाळेत काहीच नाही वाटत!"

हा किस्सा मी स्टाफरूममध्ये सांगितला नाही. सांगितला असता, तर त्यावरही नियम निघाला असता.

*

श्रावणात शाळेत सत्यनारायण असतो. प्रसादाचा शिरा दरवर्षी एका ट्रस्टींच्या घरून येतो. या वर्षी त्यांचा ड्रायव्हर भलंमोठं पातेलं घेऊन गेटवर आला आणि वॉचमन काकांनी त्याला अडवलं. काकांचं काय चुकलं?

"घरचं नाय चालत. पॅकबंद आणा."

ड्रायव्हरनं फोन केला. ट्रस्टींनी मॅडमना फोन केला. मॅडम साडी सावरत धावत खाली आल्या. "अहो, सोडा त्यांना! तो प्रसाद आहे!"

"पण मॅडम, घरीच बनवलाय ना?"

"प्रसाद घरचा नसतो हो! देवाचा असतो!"

काकांनी मान डोलावली. त्यांना पटलं. तेव्हापासून विसरलेला डबा द्यायला कुणीही पालक आला की ते गेटवरून मनापासून विचारतात, "घरचा, का देवाचा?"

*

आणि हा सम्यकचा.

सम्यक माझ्या वर्गातला. चाळीतलं बौद्ध कुटुंब. वडील विम्याच्या ऑफिसात, आई हॉस्पिटलात नर्स. त्याचा वाढदिवस नेमका चौदा एप्रिलच्या जयंतीच्या आदल्या दिवशी. आई दरवर्षी दोन्हीची मिळून खीर करते आणि वर्गाला देते. खीर अशी की मुलं कप चाटून पुसून ठेवायची. नियम झाल्यानंतरचा हा त्याचा पहिलाच वाढदिवस.

त्या सकाळी ती नाइट ड्युटी करून आली होती. घरी जाऊन खीर केली आणि स्टीलचा डबा घेऊन सरळ ऑफिसात. मीही तिथंच होते. मॅडम गोड बोलल्या. नियम सगळ्यांना सारखा, हायजीनचा प्रश्न आहे, वगैरे.

"मॅडम, मी ऑपरेशन थिएटरला असते," ती म्हणाली. "हायजीन मला सांगू नका."

मॅडम पुढे झुकल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "तसं नाही हो. पण काही पालकांच्या मनात येतं. तुमच्याकडे... भांडी वेगळी असतात का?"

तिनं डब्याचं झाकण घट्ट दाबलं. मग शांतपणे म्हणाली, "असतात ना. मटणाचं पातेलं वेगळं, खिरीचं वेगळं. तुमच्याकडे एकाच पातेल्यात करतात का?"

डबा उचलला आणि निघून गेली.

शाळा सुटायच्या सुमारास मॅडमनी वरून पाहिलं, तर ती समोरच्या फुटपाथवर उभी. मॅडमनी सगळ्या वर्गांना मागच्या गेटनं सोडायला सांगितलं. मी माझी रांग घेऊन मागे गेले, तर तिथं ती! शेजारच्या बाकड्यावर डबा, कागदी कप, ट्रे.

ती म्हणाली, "टीचर, गेटं दोनच आहेत. पुढे आता मिस्टर उभे आहेत."

मला इतकं हसू आलं! किती दिवसांनी इतकं मोकळं हसू आलं होतं. सम्यक रांगेतून पळत गेला, ट्रे घेतला, आणि गेटच्या तोंडाशी येऊन उभा राहिला. वेलचीचा वास सगळ्या गल्लीत. शाळेच्या बाहेर, शाळा सुटल्यावर. इथं कुठलाच नियम लागत नव्हता.

रांगेतली पहिली मुलगी ओवी पुढे आली. तिनं कपाकडे पाहिलं, हात मागे बांधले, आणि पाढा म्हणावा तसं म्हणाली, "काकू, घरचं चालत नाही."

तिच्या मागचा मुलगा, श्लोक. "घरचं चालत नाही, काकू."

मग पुढचा. मग त्याच्या पुढचा. कुणी वाईट बोललं नाही. सगळी शहाण्यासारखी, हात मागे बांधून, ट्रेला वळसा घालून जात होती. मी पुढे झाले, एक कप उचलला, त्यांच्या समोर प्यायले. "अरे, घ्या रे! मी सांगते, घ्या!" मुलं थांबली, माझ्याकडे पाहिलं, एकमेकांकडे पाहिलं. एक म्हणाला, "टीचर मोठ्या आहेत, त्यांना चालतं." आणि रांग पुढे सरकली.

आई कप भरतच होती. ट्रे भरला होता, बाकडं भरलं होतं, तरी ती भरत होती.

सम्यकनं ट्रे खाली ठेवला. आईची ओढणी धरली, तिला जरा खाली वाकवलं आणि कानाशी म्हणाला, "आई, दुकानातून आणलीय असं सांग ना!"