जीभ दुसऱ्या बाजूला लाव

मेसेज आला तेव्हा मी लॅबमध्ये होते. शरदकाकांच्या मुलीचा, एकच ओळ... बाबा सकाळी गेले, हार्ट. आणि खरं सांगू, पहिलं काय झालं तर माझी जीभ आपोआप खालच्या दातांच्या मागे गेली. आधी डावीकडे, मग उजवीकडे. का ते सांगते.

काका माझे नात्यातले कुणी नव्हते. मी नागपूरहून अमेरिकेत पिस्कॅटवेला मास्टर्सला आले तेव्हा मराठी ग्रुपवर कुणीतरी त्यांचा नंबर दिला, एवढंच! रिटायर्ड ओरल पॅथॉलॉजिस्ट. म्हणजे तोंडातून काढलेला गाठीचा तुकडा मायक्रोस्कोपखाली बघून ती साधी की वाईट ते सांगायचं, आयुष्यभर हेच काम. त्यांच्या किचनच्या ड्रॉवरमध्ये लांब दांड्याचा एक चमचा वेगळा ठेवलेला असायचा, कुणाचं तोंड तपासताना गाल बाजूला धरायला. एकदा जेवायला आलेल्या एका नवीन मुलाने नेमका तोच घेऊन श्रीखंड वाढायला सुरुवात केली. "अरे, तो तोंडात घालायचा आहे!" काका ओरडले. "काका, चमचा तोंडातच घालतात ना?" अख्खं घर हसलं. "उकळलेला असतो तो, खा गुपचूप," काकू म्हणाल्या.

तर गेल्या वर्षी, ऐन मिडटर्ममध्ये, ब्रश करताना मला खालच्या जबड्याच्या आतल्या बाजूला गाठ लागली. टणक. माझा मामा तंबाखूचा खर्रा खाऊन खाऊन तोंडाच्या कॅन्सरने गेलाय, त्यामुळे मी डायरेक्ट तिथेच पोचले. कुणाला सांगितलं नाही. आईशी बोलताना कॅमेरा बंद ठेवायचे आणि मग नेटवर ते भयानक फोटो बघत बसायचे. शेवटी काकूंकडे जेवताना वरणभातही गिळेना, तेव्हा त्यांनीच ओळखलं. "अहो, हिला बघा जरा."

काकांनी हात धुतले, ग्लव्ह्ज घातले, मला खिडकीपाशी खुर्चीवर बसवलं. मला वाटलं, बघून लगेच नाव सांगतील. कसलं काय! "कधीपासून आहे?"

"मागच्या आठवड्यात..."

"ते तुला कळलं कधी. आहे कधीपासून?"

"माहीत नाही."

"हे खरं उत्तर. दुखते? रक्त येतं?" नाही, नाही. मग चमच्याने जीभ बाजूला धरून बराच वेळ बघितलं, बोट फिरवलं, दाबलं. "आता जीभ दुसऱ्या बाजूला लाव."

लावली. तिथेही होती! तशीच, त्याच जागी! "काका, दोन आहेत!" म्हणून मी रडायलाच लागले, आणि हा माणूस हसतोय.

"अगं वेडे, दोन आहेत हीच चांगली बातमी. हाड आहे ते. जबड्याच्या हाडालाच उंचवटा आलाय, दोन्हीकडे सारखा, वरचं आवरण एकदम निरोगी. कित्येकांना असतो, पत्ताही नसतो."

"म्हणजे नक्की काही नाही?"

"मला नाही वाटत. तरी डेंटिस्टकडे जाऊन एक्स-रे काढायचा."

"वाटत नाही तर कशाला यार... सॉरी, काका."

उत्तर काकूंनी दिलं. त्यांच्या गालात दात लागून लागून गाठ आली होती, काकांना बघताक्षणी कळलं साधी आहे, तरी काढून तपासायला पाठवली. तीही दुसऱ्याकडे! "बायकोची स्लाइड मी बघितली तर मला हवं तेच दिसणार ना," काका शांतपणे म्हणाले.

एक्स-रेमध्ये हाडच निघालं. त्या दिवशी मी आईला कॅमेरा चालू करून फोन केला.

मागच्या रविवारी काकूंकडे गेले होते. घर तसंच, फक्त खिडकीपाशी खुर्ची नव्हती. त्यांनी श्रीखंड काढलं, ड्रॉवर उघडला, तो लांब चमचा हातात आला... तो परत जागेवर ठेवून त्यांनी दुसरा घेतला. मग एकदम म्हणाल्या, "यंदा डेंटिस्टकडे गेलीस?"

"अहो काकू, ते हाडच आहे ना."

"ते गेल्या वर्षी होतं. लाव फोन. इथे बसून लाव."

लावला. पलीकडे होल्डवरचं म्युझिक वाजत राहिलं, काकू समोर बसून माझ्याकडे बघत होत्या, आणि माझी जीभ डावीकडे गेली, मग उजवीकडे. दोन्ही गाठी जागेवर होत्या.