कूलरजवळची चप्पल

आमच्या आंधळगावच्या घरात कूलरजवळ एक रबरी चप्पल ठेवलेली असायची. कुणा एकाची नाही, घरादाराची. कूलरला हात लावायचा तर आधी ती पायात घालायची, हा माझ्या नवऱ्याचा नियम. कारण कूलर करंट मारायचा, आणि तो दुरुस्त केला होता यांनीच! नव्या वायरीच्या प्लगला पिना तीन, आमच्या जुन्या बोर्डाला भोकं दोन. यांनी पकड घेतली आणि अर्थिंगची जाड पिन कापूनच टाकली. वर मलाच विचारतात, "चालू झाला का नाई?"

"काहून जी, वायरमनले बोलवाले काय होते तुमाले?" मी रोज डोकं फोडायची.

"चप्पल घाल ना, काई होत नाई." उत्तर ठरलेलं.

सासूबाई मात्र ती चप्पल घालीनात. कूलर बैठकीत, आणि त्याला लागूनच बुद्धमूर्तीचा कोनाडा. "भगवंतासमोर चपला घालून उभी राहू? मले नाई जमत." म्हणून पाणी मीच भरायची, त्यांना तिकडे फिरकू द्यायची नाही.

त्या सकाळी मी मागे कपडे धूत होते. सासूबाईंनी अंघोळ करून मूर्तीपुढे मेणबत्ती लावली. कूलरमधलं पाणी संपलेलं दिसलं, तशा ओल्या पायांनीच बादली घेऊन गेल्या. मला बादली आपटल्याचा आवाज आला. धावत येऊन बघते तर, अरे बाप्पा, त्यांचा हात जाळीला चिकटलेला, तोंडातून शब्द नाही. हे आतल्या खोलीतून त्यांना ओढायला धावले. "हात नोका लावू!" मी किंचाळले आणि दाराजवळचा मेन स्विच बंद केला. त्या धाडकन खाली पडल्या.

भंडाऱ्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत यांनी आईचं डोकं मांडीवरून खाली ठेवलं नाही. मला असा संताप आला होता की काय सांगू! पण यांचा चेहरा बघून माझ्याच्यानं बोलवेना. आईला उकाड्यात झोप येत नव्हती, म्हणून तर घाईघाईनं कूलर सुरू केला होता यांनी.

संध्याकाळी सासूबाईंनी डोळे उघडले. हाताला पट्टी होती. लेकाला बाजूला बघून त्या हळूच म्हणाल्या, "रागावू नोको बाबू. मी चप्पल नोती घातली."

यांनी त्यांचे पाय धरले आणि हमसून हमसून रडायला लागले. नर्स आली, उठा म्हणाली, तरी ते पाय काही सोडीनात.