पहिल्या वर्तुळात एकटी

"शिष्यवृत्तीवाली, तू बाहेर. शेवटच्या वर्तुळात."

केमिस्ट्रीच्या सरांनी मला नावानं कधीच हाक मारली नाही. मस्टरवरचं आडनाव मात्र त्यांनी पहिल्याच दिवशी थांबून, नीट वाचलं होतं. जळगावातलं कॉलेज, मेहरूण तलावाच्या बाजूचं. अकरावी सायन्स. सर दरवर्षी मैदानावर चुन्यानं अणू काढत. मधे विटांचा ढीग, ते केंद्रक. मुलं इलेक्ट्रॉन व्हायची. सोडियमचे अकरा: आत दोन, मग आठ, बाहेर एक. आत सरांच्या लाडक्या दोघी, एक डॉक्टरांची, एक सराफांची. बाहेरची एक मी.

शेजारी क्लोरिनचं बाहेरचं वर्तुळ. त्यावर सात मुली, आठवी जागा रिकामी. त्यांनी हात पुढे करून मला ओढून घ्यायचं, की मीठ तयार. असा खेळ.

मी हात पुढे केला.

सातांपैकी एकीनंही केला नाही. एकीनं ओढणी सारखी केली. एक नुसती चपलेकडे बघत राहिली. त्यातल्या तिघी होस्टेलवर माझ्याच खोलीत राहायच्या. त्या एकत्र जेवायच्या. मी माझा डबा खिडकीत बसून खायचे.

"घ्या गं कोणीतरी, नाहीतर अळणी जेवावं लागेल," सर म्हणाले. सगळं मैदान हसलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "राहू दे. शेवटचा इलेक्ट्रॉन सैलच असतो. परीक्षेच्या आधी आपोआप सुटतो."

माझा हात तसाच पुढे होता. तो खाली कसा आणायचा तेच कळेना. खरं सांगते, मला त्यांची नाही, माझ्या हाताची लाज वाटली. त्या लाजेचा राग मला आजही येतो.

संध्याकाळी बॅग भरली आणि आईला फोन लावला. आमचं गाव शिंदखेड्याजवळ. घरात सायन्सला गेलेली मी पहिलीच. परत आले असते तर शिक्षण तिथंच संपलं असतं. आईनं सगळं ऐकून घेतलं, मग आमच्या अहिराणीत विचारलं,

"तुनी काय चूक शे त्यामा?"

"काहीच नाही."

"मंग मान खाले घालीसन घर येवू नको."

फोन बंद. मला तिचाच राग आला. रडत रडत बॅग रिकामी केली.

मग पुस्तक उघडलं. पाठ करायला नाही, भांडायला. आणि सापडलं. इलेक्ट्रॉन सगळे एकसारखे. तेच वस्तुमान, तोच प्रभार. जागा वेगळी, ऊर्जा वेगळी, इलेक्ट्रॉन तोच. आतला कुणी थोरामोठ्यांच्या घरचा नाही, बाहेरचा कुणी हलका नाही. ते पान मी तीनदा वाचलं.

पुढच्या आठवड्यात पोटॅशियम. एकोणीस जण. "तू बाहेर," सर म्हणाले. मी चालत गेले आणि थेट आतल्या वर्तुळात उभी राहिले.

"तुझी जागा तिकडे आहे."

"सर, सगळे इलेक्ट्रॉन सारखेच असतात. पुस्तकात आहे. आज मी इथे."

दोघी लाडक्या वर्तुळाबाहेर सरकल्या. त्यांचं बघून बाकीचीही पांगली. मी एकटी उरले.

"झालं समाधान? मोडलास ना अणू!"

"मोडला नाही, सर. एक इलेक्ट्रॉन, पहिलं वर्तुळ. हा हायड्रोजन."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. दोन वर्षं माझ्या बाकावर दुसरं कुणी बसलं नाही. एकटेपणानं माणूस कणखर होतं म्हणतात. थापा आहेत. नुसतं दुखतं. पण मी सुटले नाही. सैल नव्हतेच मी.

आता शिंदखेड्यात मी केमिस्ट्री शिकवते. स्टाफरूममध्ये डबा अजून एकटीच खाते. मैदानावर चुन्याचे अणू काढते. कोण कुठे उभं राहणार, त्याच्या चिठ्ठ्या टाकते. आणि कुणी हात आखडला की खेळ थांबतो. घंटा होऊ दे, ऊन चढू दे, प्राचार्य येऊन उभे राहू देत. पुढे आलेला हात कुणी धरेपर्यंत मी कुणालाही मैदान सोडू देत नाही.