शिवणीतली माया

सदर इसम वय वर्षे अडुसष्ट, व्यवसाय शिंपी, टोपणनाव मास्तर. बांधा मध्यम, कंबर चौतीस, ओळखीची खूण गळ्यातली टेप. कंबरेचं माप इसमाने तोंडी दिलेलं असून ते कोणी प्रत्यक्ष घेतलेलं नाही.

शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड दुमडून ठेवतात, त्याला शिंपी माया म्हणतात. मास्तरांचा रेडीमेड कपड्यांवर एकच आक्षेप होता: त्यांत माया नसते. उद्या माणूस सुटला तर करायचं काय? त्यामुळे स्वतःचंच पोट सुटलं तेव्हा त्यांनी पँटची मागची शिवण मुकाट्याने उसवली. बायको म्हणाली, घरात तर चार घास जात नाहीत, म्हणजे बाहेर चरणं चाललंय. पण हातापायांच्या काड्या झाल्या आणि पोटाचा नगारा, तेव्हा तिनेच त्यांना हॉस्पिटलात नेलं.

पोटातलं पाणी काढलं. तपासण्या झाल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गाठ कुठेच नाही. मेहुण्याने तेवढं दारातून ऐकलं आणि नात्यागोत्यात फोन फिरवले: गाठ नाही, म्हणजे कॅन्सर नाही. पुढचं वाक्य ऐकायला तो थांबला नव्हता. लिम्फोमा म्हणजे कॅन्सरच, पण त्याच्या या दुर्मिळ प्रकाराला गाठ लागतच नाही. रोगाच्या पेशी पाण्यातच तरंगत असतात. औषधं देऊ, पण पाणी पुन्हा भरेल.

"म्हणजे बिनगाठीचा दोरा," मास्तर म्हणाले. "बोटाला लागायचा नाही."

घरी आले ते सपाट पोटाने. शेजारीपाजारी तब्येत छान दिसते म्हणून गेले. बायकोने पँट पुढ्यात टाकली.

"आता घ्या आत, होती तशी. आणि ते आतलं कापड कापून टाका. परत लागायला नको."

मास्तरांनी पँट आत घेतली. कापड मात्र तसंच दुमडून ठेवलं.

"असू दे गं. माया कापायची नसते."

तिने त्या दुमडीवरून बोट फिरवलं. मग भावाला फोन लावला आणि सांगितलं, आता कुणाला काही कळवत बसू नकोस.

पाणी भरलं, काढलं, पुन्हा भरलं. मग फुप्फुसांभोवतीही साचलं. औषधांनी आपलं काम केलं, पाण्याने आपलं. दुसऱ्यांदा शिवण मास्तरांनी उसवली, तिसऱ्यांदा बायकोने. त्यानंतर उसवायला काही उरलं नाही.

गेले तेव्हा मास्तरांच्या अंगावर बायकोने बाजारातून आणलेली रेडीमेड पँट होती. कंबर चव्वेचाळीस.