सराईत मागे राहिलेला शिपाई

नरसी नामदेवचं दर्शन घेऊन निघालो आणि हिंगोलीच्या अलीकडे गाडीनं मान टाकली. दुरुस्त होईपर्यंत अंधारलं. म्हणून मी आणि बायको शैला जवळच्या जुन्या सराईत (वाटसरूंच्या मुक्कामाच्या जागी) उतरलो. दगडी कमान, आत अंगण, भोवती ओवऱ्या. समोरच्या ओवरीत साखऱ्याचं एक भजनी मंडळ मुक्कामाला होतं.

सराई चालवणाऱ्या खातूनबींनी भाकरी आणि अंबाडीची भाजी वाढता वाढता तिथली हकिगत सांगितली. निजामाच्या काळात लढाईवर निघालेली पलटण इथं थांबली होती. एक शिपाई तापानं पडला. पहाटे पलटण त्याला न उठवताच निघून गेली आणि तो इथंच वारला. अजून तो पहाटे दार ठोकून विचारतो, समदे गेले का?

मी हसून विचारलं, मग सांगायचं काय?

“हायेत म्हणायचं,” खातूनबी म्हणाल्या. “गेले म्हणलं की रडतो बिचारा. काहून तकलीफ द्यायची?”

पहाटे दारावर थाप पडली. घोगरा आवाज आला, “समदे गेले का हो?”

मी पांघरूण डोक्यावर ओढलं. शैलानं कोपरानं ढोसलं, तेव्हा कसाबसा म्हणालो, “आहेत.”

“कुठं हायेत? जीप तर दिसून न्हाई राहिली.”

शिपायाला जीप कशाला हवी, असं म्हणत शैलानं दार उघडलं. बाहेर कानटोपी घातलेले, हातात टाळ धरलेले भजनी मंडळातले किसनआबा उभे होते. ते झोपेत असतानाच मंडळ निघून गेलं होतं. खातूनबींनी चहा दिला, पण हसू त्यांना आवरेना.

आबांना गाडीत घेऊन आम्ही सेनगावच्या रस्त्याला लागलो. वाटेत एका हॉटेलापुढे मंडळ निवांत भजी खात बसलेलं दिसलं. आबा जीपच्या मागच्या सीटवर झोपलेत, अशी सगळ्यांची समजूत होती. आबा काही खाली उतरेनात.

“मी यांच्यासंगं येत न्हाई,” एवढंच ते म्हणाले.

मंडळाचे प्रमुख भज्यांची प्लेट घेऊन खिडकीशी आले. त्यांनी हात जोडले, कान धरले. आबांनी भजी संपवली आणि काच वर केली. शेवटी आम्हीच त्यांना साखऱ्याला घरी सोडलं. जीप मुकाट्यानं मागे येत होती.

घरी परतल्यावर भूत दिसलं का, असं सगळे विचारतात. दिसलं नाही. पण तो शिपाई रडत असेल, हे मला आता पटत नाही. तो चिडला असणार. आणि त्याची समजूत काढायला कुणी मागे फिरलं नाही, कारण पुढे लढाई होती.